डब्यांवरच्या चिठ्ठ्या

नेटफ्लिक्सवर २०२०च्या सप्टेंबरमध्ये 'गेट ऑर्गनाइझ्ड विथ द होम एडिट' ही मालिका आली, तेव्हा सगळं जग घरात कोंडलेलं होतं आणि मुलंही चोवीस तास घरातच होती. क्लिया शिअरर आणि जोआना टेपलिन या दोघी एखाद्या नामवंताच्या आणि मग एखाद्या साध्या कुटुंबाच्या घरी जातात, कपाट किंवा खोली पूर्ण रिकामी करतात, जमिनीवर ढीग लावतात, नको ते बाजूला काढतात. उरलेलं सामान पारदर्शक डब्यांत भरतात आणि वर गोलसर अक्षरांतल्या चिठ्ठ्या लावतात. पुस्तकं, खडू, बाहुल्यांचे कपडे, जे जे शक्य असेल ते इंद्रधनुष्याच्या क्रमाने. क्लोई कार्दाशियनच्या गॅरेजमध्ये तर तिच्या लहान मुलीच्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी वेगळं पार्किंग आखलेलं आहे. त्या पार्किंगचा आकार पाहून माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातले वन-बीएचके तरळून गेले.

मालिका बघायला मजा येते. हलवायाला बुंदी पाडताना बघत राहावं, तशी. मात्र त्यांची जी चार पायऱ्यांची पद्धत आहे (छाटा, वर्गवारी करा, डब्यात घाला, टिकवा), तिच्यातल्या पहिल्या तीन पायऱ्या कॅमेऱ्यासाठी आहेत आणि चौथी घरच्यांसाठी. भाग संपतो तो खोली आवरून झाल्यावर, घरमालकिणीच्या डोळ्यांत पाणी आल्यावर. खेळघराची खरी गोष्ट तिथे सुरू होते. ती दाखवणं कोणाच्याच फायद्याचं नाही, कारण हे डबे त्याच नावाने दुकानात विकायलाही आहेत.

गेल्या दोन वर्षांत मी या विषयावरचं बरंच काही पाहिलं, वाचलं. कारण घरगुती आहे. माझ्या ताईला दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक खोली मुलीसाठी 'नीट' करायची होती, आणि मी इंजिनियर असल्यामुळे नकाशा मी काढावा असं ठरलं. (कॉम्प्युटर इंजिनियरला घरचे लोक मिक्सर दुरुस्तीपासून वास्तुरचनेपर्यंत काहीही सांगतात, त्यातलाच हा प्रकार.) पण या निमित्ताने 'मुलांची आवरलेली खोली' ही कल्पना मला एखाद्या पुस्तकासारखी वाचता आली. तिचे लेखक कोण, ती कोणासाठी लिहिली आहे, आणि त्यात कोणाचं नाव गाळलं आहे, असे प्रश्न पडत गेले.

आमच्या धंद्यात एक प्रश्न सुरुवातीलाच विचारतात: इथे माहिती लिहिली जास्त जाणार की वाचली जास्त जाणार? शोधणं झटपट हवं असेल तर लिहिताना जास्त कष्ट घ्यावे लागतात, प्रत्येक नोंद कुठे बसते ते आधी ठरवावं लागतं. लिहिणं झटपट हवं असेल तर नोंदी आल्या तशा टाकायच्या आणि शोधणाऱ्याने शोधत बसायचं. खेळघरात लिहिणं म्हणजे खेळणं जागेवर ठेवणं आणि वाचणं म्हणजे ते सापडणं. बारा डबे आणि बारा चिठ्ठ्यांची खोली सापडण्यासाठी उत्तम आहे. पण ठेवताना प्रत्येक तुकड्यामागे बारांतून एक निवडायचा, झाकण काढायचं, टाकायचं, झाकण लावायचं. आणि हे करणार कोण? रात्री नऊ वाजता झोपेला आलेलं साडेतीन वर्षांचं मूल. उलट, सापडण्याची त्याला कधीच घाई नसते. टोपलीत हात घालून चाचपत राहणं, हवं होतं ते न मिळता भलतंच मिळणं, हा अर्धा खेळ असतो. म्हणजे जी गोष्ट मुलाला जड जाते ती आणखी जड केली आहे, आणि जी त्याला नकोच होती ती सोपी. हे डिझाइन मुलासाठी नाहीच. दारात उभं राहून खोलीकडे बघणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे.

या हिशेबाने पाहिलं तर आयकियाच्या त्रोफास्त नावाच्या मांडणीत जास्त विचार दिसतो. चौकटीला आतून खाचा, खाचांत सरकणारे प्लास्टिकचे कप्पे, कुठलाही कप्पा कुठेही बसतो, पूर्ण बाहेर निघतो आणि झाकण नाही. झाकण वेगळं विकत मिळतं. ते घेऊ नये. एका हाताने, न बघता, वस्तू आत फेकता आली पाहिजे. मुलांच्या खोलीतल्या फर्निचरची एवढी एकच परीक्षा घेतली तरी निम्मा माल बाद होईल. आपल्याकडची बिनझाकणाची बांबूची टोपली ती परीक्षा पास होते, आणि तिला ॲलन की लागत नाही.

दुसरी अडचण चिठ्ठ्यांची. चिठ्ठी म्हणजे वर्गवारी, आणि वर्गवारी म्हणजे ही वस्तू काय आहे हे कायमचं ठरवून टाकणं. माझ्या भाचीचा एक पिवळा ठोकळा सकाळी साबण असतो, दुपारी फोन आणि संध्याकाळी लोणावळ्याची गाडी. त्याच्या डब्यावर 'बांधकाम' असं लिहिलेलं आहे. प्रोग्रामिंगच्या काही भाषांत प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो. काही भाषांत तसं नसतं, बदकासारखं चालतंय आणि ओरडतंय ना, मग बदकच. मुलं सगळी या दुसऱ्या पंथाची. त्यांना 'बांधकाम' आणि 'वाहनं' यांत फरक कळत नाही असं नाही. तो फरक खेळाच्या आड येतो म्हणून ती त्याला जुमानत नाहीत.

इथे आपल्या भातुकलीकडे बघण्यासारखं आहे. भातुकलीत पितळेचा बंब असतो, लाकडाचं पोळपाट-लाटणं, दगडाचा पाटा-वरवंटा, मातीची चूल आणि बोळकी. पितळ एका डब्यात आणि लाकूड दुसऱ्यात असं कोणी केलं नाही. सगळा संसार एका टोपलीत, कारण खेळ एकत्र सुरू होतो आणि एकत्र मोडतो. ही वर्गवारी वस्तूच्या जातीवरून नाही, गोष्टीवरून आहे. ताईच्या घरी मी एवढाच बदल सुचवला: खोट्या भाज्या, दोन वाट्या, तो पिवळा ठोकळा आणि एक जुनी निळी ओढणी एकाच टोपलीत. ओढणी 'कपडे' या डब्यात जायला हवी होती खरी, पण ती नदी आहे.

मग येतो प्रश्न किती खेळणी ठेवायची याचा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ लहान मुलं, एकदा समोर ४ खेळणी आणि एकदा १६. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. छत्तीस मुलांवरून जगाचा नियम काढू नये, पण घरात वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. यावरचा उपाय हल्ली 'टॉय रोटेशन' या नावाने शिकवला जातो: थोडी खेळणी बाहेर, बाकीची दृष्टिआड, आणि काही आठवड्यांनी अदलाबदल. ज्या घरांना माळा होता त्या घरांत हे आपोआपच होत असे. नव्या फ्लॅटमध्ये माळे गेले, मग त्यांची उणीव भरून काढणारे अभ्यासक्रम आले.

या सगळ्या कल्पनांचं मूळ शोधायला गेलं की वाट मारिया मॉन्टेसरीकडे जाते. इन्स्टाग्रामवर जी फिकट लाकडाची, तीन खणांची, सहा वस्तू नेमक्या अंतरावर मांडलेली बुटकी मांडणी दिसते, तिच्यासोबत तिचं नाव हमखास असतं. हे नाव एका कोणाच्या मालकीचं राहिलेलं नाही, त्यामुळे ते टोपीवर, पलंगावर, खुळखुळ्यावर, कशावरही छापता येतं. पण मूळ गोष्ट फार वेगळी आहे, आणि ती सांगितली की त्या फोटोंकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

रोममधला सान लोरेंझो हा गरीब कामगारांचा भाग. तिथल्या मोडकळीस आलेल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, शाळेच्या वयाची न झालेली पोरं मोकाट. ती जिन्यांत आणि भिंतींवर नासधूस करायची. ती एका खोलीत सांभाळली तर इमारतीच्या देखभालीचा खर्च वाचेल, हा मालकांचा हिशेब. त्यासाठी त्याच इमारतीतली एक खोली मिळाली, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी मॉन्टेसरीच्या देखरेखीखाली पहिलं 'बालगृह' सुरू झालं. म्हणजे आधुनिक खेळघराचा जन्म भिंतींच्या रंगापोटी झाला. मुलांनी भिंतीवर रेघोट्या मारल्यावर ताई जे म्हणते, त्याला एकशे वीस वर्षांची परंपरा आहे.

बुटक्या मांडणीची कथा तर याहून चांगली. सुरुवातीला साहित्य मोठ्या कपाटात कुलपात असे. बाई येणार, कुलूप काढणार, वाटणार, गोळा करणार. एक दिवस बाईंना यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाट बंद करायचं राहून गेलं होतं. येऊन बघतात तर मुलांनी आपापलं साहित्य काढून काम सुरू केलेलं. बाईंना ती चोरी वाटली. मॉन्टेसरीने त्याचा अर्थ वेगळा लावला: मुलांना वस्तू ओळखीच्या झाल्या आहेत, आणि काय हवं ते निवडता येतंय. मग कुलपाची कपाटं गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. ज्या मांडणीला आज आपण शिस्तीचं प्रतीक म्हणून पोस्ट करतो, ती शिस्त मोडल्यावर सुचलेली गोष्ट आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती खोली कोणाच्याही घरातली नव्हती. अख्ख्या चाळीची होती. तिथे जमिनीवर छोटे गालिचे अंथरून मुलं आपली जागा आखत, कारण शेजारी दुसरं मूल होतं. घरातल्या एकुलत्या एका मुलासाठी केलेल्या खोलीत ती मांडणी, तो गालिचा, ते साहित्य सगळं आणता येतं. ज्याच्यामुळे वस्तू परत जागेवर ठेवण्याला अर्थ होता, तो 'पुढचा' मात्र येत नाही. प्रत्येक साहित्याचा एकच संच असे. तू ठेवलंस तर मला मिळेल. एकट्या मुलाला 'जागेवर ठेव' म्हणताना आपण नेमकं कोणासाठी म्हणतो?

मराठीत हे काम याच्याही पुढे गेलं होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. तीच अंगणवाडी. हा शब्द पुढे १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोचला. मुलं गुरं राखायला गेली तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. साहित्य म्हणजे बिया, शिंपले, खडे, काड्या, पानं. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडत नव्हतं हे खरं, पण ताराबाईंनी त्या कमतरतेची भरपाई केली नाही, दुसरा विचार मांडला: खोली ही अट नाही. मला हे वाचताना वाटलं, की आम्ही मुलांच्या खोलीचा नकाशा काढत बसलो होतो आणि आमच्याच भाषेतली सगळ्यात धाडसी बाई खोलीच पुसून बसली होती.

याच्या उलट्या टोकाला रोलाँ बार्त. त्याच्या १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये खेळण्यांवर एक छोटा निबंध आहे. खेळणी म्हणजे मोठ्यांचं जग लहान करून मुलांच्या हाती देणं, आणि त्यात प्लास्टिकने लाकडाची ऊब घालवली, अशी त्याची तक्रार. पहिली तक्रार आजही खरी आहे, आणि तिच्यातून आपली भातुकलीही सुटत नाही. कुठल्या हातात लाटणं द्यायचं हे ती किती लहानपणी ठरवून टाकते! दुसऱ्या तक्रारीची मात्र गंमत झाली. लाकूड परत आलं ते श्रीमंतांच्या कॅटलॉगमध्ये. आज प्लास्टिक ही गरिबांची खेळणी आणि बीचचं लाकूड ही जाणत्यांची. बार्त असता तर त्याने या पांढरट लाकडाच्या मांडणीवरच निबंध लिहिला असता.

वॉल्टर बेन्यामिनने 'वन-वे स्ट्रीट'मध्ये (१९२८) पसारा करणाऱ्या मुलाची बाजू घेतली आहे. मुलाचा खण आवरणं म्हणजे त्याने उभारलेलं काहीतरी पाडणं, असा त्याचा सूर. वाचताना मन भरून येतं. पण तो लिहितो तेव्हा झाडू कोणाच्या हातात आहे, हे कुठे येत नाही. ताईकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी साडेआठला येतात, त्यांच्याकडे या घरासाठी चाळीस मिनिटं असतात. भाचीने रात्री बांधलेलं 'दवाखान्याचं गाव' मोडायचं की त्याच्या भोवतीने केर काढायचा, हा निर्णय रोज त्या घेतात. 'द होम एडिट'मध्ये मावशी नाहीत, बेन्यामिनमध्ये नाहीत आणि इन्स्टाग्रामवर तर नाहीतच. पसाऱ्याची बाजू घेणारे आणि नीटनेटकेपणाची बाजू घेणारे, दोघांनीही झाडणाऱ्या माणसाला मोजलेलं नाही.

ताईच्या फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट मोजावी लागते. ती खोली रिकामी नाही. तिथे ताईच्या सासूबाईंचा पलंग आहे. त्या दुपारी तिथे आडव्या होतात आणि रात्री झोपतात. परदेशी नकाशांत 'प्लेरूम' ही एक जादाची खोली असते. आपल्या घरांत ती कोणाची तरी खोली असते आणि दिवसातून काही तास ती खेळघर होते. त्यामुळे नकाशा जागेचा काढून भागत नाही, तासांचा काढावा लागतो. साडेचार ते साडेआठ खेळ, नऊनंतर आजीला रात्री दिवा न लावता न्हाणीघरापर्यंत जाता आलं पाहिजे. सत्तरीच्या बाईचा पाय ठोकळ्यावर पडला तर खुबा मोडू शकतो. मांडणीच्या रंगापेक्षा हा मुद्दा कितीतरी मोठा, पण कुठल्याही कॅटलॉगात तो सापडला नाही.

म्हणून जे केलं ते फार साधं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीची उंची एक मीटरच्या आतबाहेर असते, म्हणून रोजच्या टोपल्या साठ सेंटिमीटरच्या खाली. मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की. मुलं खणांना पायऱ्या समजतात, आणि कपाटं अंगावर पडून मुलं दगावल्यामुळे आयकियाला २०१६मध्ये एकट्या अमेरिकेत २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली होती. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बारीक तुकडा कोणता हे तपासायला अमेरिकेत जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर आहे. शेजारचं दीड वर्षाचं बाळ येतं, त्यामुळे त्या मापाखालचं सगळं वरच्या खणात, मोठ्यांच्या हाताला. आणि ठोकळ्यांसाठी डबा नाहीच. एक जुनी सोलापुरी चादर. पसरायची, वर ठोकळे ओतायचे, खेळायचं, आणि शेवटी चार टोकं धरून गाठोडं बांधून पलंगाखाली. आवरायला अर्धं मिनिट लागतं, आणि भाचीला गाठोडं ओढायला आवडतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला आळशी पद्धत म्हणतो: गरज पडेपर्यंत काहीही लावून ठेवायचं नाही.

चिठ्ठ्या ताईने हौसेने छापून आणल्या होत्या, इंग्रजीत. त्या भाचीला वाचता येत नाहीत आणि सासूबाईंनी वाचल्या नाहीत. खोली रोज रात्री खरं म्हणजे सासूबाईच आवरतात, आणि त्यांचे ढीग दोनच: पायात रुतणारी आणि न रुतणारी. रुतणारी चादरीत, न रुतणारी टोपलीत. मी महिनाभर काढलेल्या तीन नकाशांपेक्षा ही वर्गवारी सरस आहे, कारण एका नजरेत निर्णय होतो आणि ज्याला चुकीची किंमत मोजावी लागणार त्यानेच ती ठरवली आहे.

मारी कोन्डोने तिसऱ्या मुलानंतर, २०२३मध्ये, घर कायम आवरलेलं ठेवणं आता आपण बरंचसं सोडून दिलंय असं सांगितलं, तेव्हा जगभर तिची थोडी टिंगल झाली. मला ते तिचं सगळ्यात प्रामाणिक विधान वाटलं. तिच्या पुस्तकांत ज्या घरांची चित्रं आहेत त्यांत वस्तूंना नात्यासारखं वागवलं जातं, पण माणसं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तीन मुलं झाल्यावर येतात.

ताईच्या सोसायटीत क्लबहाउस आहे. मोठी फरशी, चार पंखे, आणि महिन्यातून दोनदा वाढदिवस. बाकी दिवस कुलूप. पार्किंगमध्ये 'मुलांनी खेळू नये' अशी पाटी आहे आणि बागेत 'हिरवळीवर चालू नये' अशी. सोसायटीतल्या सगळ्या घरांत मिळून किती ठोकळे असतील, आणि ते एका फरशीवर ओतले तर काय होईल, असा विचार माझ्या डोक्यात सान लोरेंझो वाचल्यापासून आहे. ताईने आणि आणखी तीन घरांनी मिळून कमिटीला अर्ज दिला: संध्याकाळी पाच ते सात क्लबहाउस मुलांसाठी उघडावं. सेक्रेटरींचा मेल तिसऱ्या दिवशी आला. भाडं, विमा, आवाज यांबद्दल त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी एकच विचारलं होतं, सात वाजता आवरणार कोण. सासूबाईंनी मेल वाचून घेतला आणि म्हणाल्या, तिथे किती चादरी लागतील ते आधी मोजून या.